शेऱ्यांचा रकाना

१२ फेब्रुवारी, सोमवार

तातडीवाल्यांचा आज दिवसभरात तिसरा फोन. त्यांना आईवडिलांनी ठेवलेलं नाव आहे, पण त्यांच्या प्रत्येक पत्राच्या डोक्यावर लाल अक्षरांत 'तातडीचे' असतं, त्यामुळे आमच्या ऑफिसात ते याच नावाने ओळखले जातात.

"मॅडम, मला अहवाल नको. आकडा हवा. तोही एकच."

प्रश्न साधा आहे, म्हणजे त्यांच्या मते. भर समुद्रात त्यांच्या कंपनीचा तेलाचा प्लॅटफॉर्म उभा आहे. त्यावर बासष्ट माणसं राहतात, जेवतात, झोपतात. त्याला एकवीस वर्षं झाली, अजून दहा वर्षं वापरायचा आहे. मोठ्या वादळात तो टिकेल का, हे आम्ही सांगायचं. पोलाद बघता येतं, पाणबुडे खाली जाऊन गंज मोजून येतात. पण त्याचे चार पाय ज्या चार पाइलवर उभे आहेत, ते लोखंडी नळ समुद्राच्या तळाखाली एकाहत्तर मीटर ठोकलेले आहेत. तिथे कोण जाणार बघायला?

"टिकण्याची शक्यता किती, ते सांगता येईल," मी म्हटलं.

"शक्यता हवामानखातं सांगतं. तुम्ही इंजिनिअर ना?"

फोन ठेवल्यावर मला उत्तर सुचलं. नेहमीप्रमाणे. ते इथे लिहीत नाही, कारण ते सभ्य नाही.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

समुद्राच्या तळाखाली आधी चिकणमाती आहे, हे सगळ्यांना मान्य. त्या मातीखाली घट्ट वाळूचा थर आहे, हेही मान्य. पाइलचं टोक वाळूत रुतलेलं असेल तर प्लॅटफॉर्मला चिंता नाही. टोक वाळूच्या वर, मातीतच लोंबत असेल, तर मोठ्या वादळात एका बाजूचा पाइल खचू शकतो. सगळा खेळ वाळू किती खोल आहे याचा.

आणि माहिती किती? बांधकामाआधी माती तपासायला समुद्रतळात पाडलेले तीन बोअर. एकात वाळू अडुसष्ट मीटरवर. दुसऱ्यात शहात्तरवर. तिसऱ्यात ऐंशीपर्यंत नाहीच. तिन्ही प्लॅटफॉर्मपासून दोन-तीनशे मीटर लांब. पत्रिका एक आणि ज्योतिषी तीन.

साहेब म्हणाले, "एवढं काय डोकं लावतेस? जुन्या अहवालात वाळू धरली आहे. पाइल ठोकतानाचे ठोके बघ. सदुसष्ट मीटरपर्यंत दर मीटरला चाळीसेक ठोके लागले, अडुसष्टाव्याला एकदम एकशे दहा. वाळू लागल्याशिवाय वाढतील?"

"ठोक्यांची मूळ नोंदवही बघायला हवी."

"तक्ता आहे ना कॉम्प्युटरवर."

"तक्ता कशावरून केला ते बघायचंय."

"एकवीस वर्षांपूर्वीच्या खोक्यात काय बघायचं ठेवलंय? धूळ खाशील नुसती."

माणसं हातातला तक्ता सोडायला तयार नसतात. साहेब नोव्हेंबरात निवृत्त होतात, आता त्यांना नवीन कटकट नको आहे, हे मला कळतं. पण म्हणून मी डोळे मिटून सही करायची का?

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी माझ्या टेबलावर जुन्या कागदांच्या खोलीची किल्ली. साहेबांनी ठेवली असणार. एक शब्द बोलले नाहीत. पटकन संपवून टाक, असा त्याचा अर्थ.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

आज जे सापडलं ते नीट, क्रमाने लिहिते.

नोंदवही सापडली. निळ्या कापडी पुठ्ठ्याची, कडा पाण्याने फुगलेल्या. पानावर तीन रकाने: खोली, ठोके, शेरा. पहिल्या पाइलचं पान. सदुसष्ट मीटर, एक्केचाळीस ठोके. त्यापुढे शेऱ्यात, कुणाच्या तरी ठसठशीत अक्षरात: 'हातोडा बंद. दुरुस्ती. एक्कावन्न तास थांबलो.' पुढची ओळ, अडुसष्ट मीटर, एकशे दहा ठोके.

बाकीच्या तीन पाइलच्या पानांवरही तेच. चारही पाइल आळीपाळीने सदुसष्ट मीटरपर्यंत आणले होते, आणि हातोडा तिथे बिघडला.

चिखलातून चालताना पाय उचलत राहिलं तर चालता येतं. थांबलं की चिखल पाय धरतो, मग उपसताना जीव जातो. चिकणमातीतल्या पाइलचं हेच होतं. दोन दिवस थांबला की माती त्याला घट्ट धरते आणि पुन्हा सुरू करताना ठोके दुप्पट-तिप्पट लागतात. वाळूची त्यात गरजच नाही.

म्हणजे ज्या एका उडीवर सगळा जुना अहवाल उभा आहे, ती वाळूची असेल किंवा थांबल्याचीही असेल. कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात दोनच रकाने आहेत. खोली आणि ठोके. शेरा नाही.

तक्ता केला मी. तळाशी माझी आद्याक्षरं आहेत. नोकरीचं पहिलं वर्ष. तेव्हाच्या त्या प्रोग्रॅमला आकडेच चालायचे, अक्षर दिसलं की तो बंद पडायचा. म्हणून मी तिसरा रकाना गाळला. गाळताना वाचला होता का? आठवत नाही. वाचला असेल तर मी मूर्ख होते आणि वाचला नसेल तर निष्काळजी. यातलं कुठलं बरं, यावर बसमध्ये पूर्ण प्रवासभर विचार केला आणि दोन थांबे पुढे जाऊन उतरले.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तेवीस वर्षांची होतीस तू."

"पाइलला माझं वय माहीत नाही," मी म्हटलं.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

आईला घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे. खुब्याचा सांधा बदलायचा आहे. मी सरळ विचारलं, धोका किती? म्हणे शंभरातल्या तीन जणांना काही ना काही त्रास होतो. मी म्हटलं, ते तीन राहू द्या, आईला होईल की नाही तेवढं सांगा. ते म्हणाले, तसं सांगता येत नाही, त्यांचं वय, हाडं, साखर, सगळं बघून मी अंदाज सांगतोय. मी म्हटलं, डॉक्टर, आम्हाला अंदाज नको, निर्णय घ्यायचा आहे.

डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. सरळ उत्तर द्यायचं या लोकांच्या जिवावर येतं.

नवरा गाडी चालवताना हसत होता. का ते विचारलं तर सांगेना. मागून आई म्हणाली, "हसू दे गं त्याला. तुमच्या घरात तेवढंच एक होतंय."

२६ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांना नोंदवही दाखवली. ते बराच वेळ ते एकच पान बघत बसले. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा तेच पान.

मी म्हटलं, "चूक माझी आहे. लेखी देते."

"लेखी नंतर. आधी आकडा काढ." मग म्हणाले, "हातोड्यावरचे मुकादम अजून आहेत. त्यांना विचार." आणि कागदावर पत्ता लिहून दिला. पाठ होता त्यांना पत्ता. एवढ्या वर्षांनंतर. बाकी मात्र माझं कालचं टिपणही त्यांच्या लक्षात राहत नाही.

५ मार्च, मंगळवार

हातोडेकाका ब्याऐंशी वर्षांचे आहेत, तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि जन्मभर हातोड्याशेजारी उभं राहिल्याने त्यांना ऐकू येत नाही. त्यामुळे आमचं सगळं गुपित बोलणं खालच्या दुकानापर्यंत गेलं.

सून चहा देऊन म्हणाली, "उजव्या कानात बोला. डावा नुसता शोभेला आहे."

मी वहीचं पान पुढे केलं. काकांनी अक्षरावरून बोट फिरवलं. "माझंच आहे. एक्कावन्न तास. हातोड्याला वाफ देणारा नळ फुटला होता. पहिले दोन तास शिव्या दिल्या, पुढचे एकोणपन्नास पत्ते खेळलो."

"काका, नंतर ठोके वाढले ते थांबल्यामुळे का?"

"मग? पाइल म्हणजे सासरी आलेला जावई. एकदा बसला की हलत नाही!"

"म्हणजे खाली वाळू नव्हती?"

"नव्हती असं मी कुठे म्हटलं?" काका एकदम ओरडले. "मला काय माहीत? मी वर होतो, वाळू खाली!"

"पण पुढचे तीन मीटर? माती असती तर ठोके पुन्हा उतरायला हवे होते. उतरले, पण थोडेच. एकशे दहावरून एकशे चार, सत्त्याण्णव, त्र्याण्णव."

काकांनी वही पुन्हा जवळ ओढली. म्हणाले, "पोरी, दोन्ही होऊ शकतं. म्हणून तर शेरा लिहिला. नुसता लिहिला नाही, तुमच्या ऑफिसात फोन करून सांगितलं. तिकडचा एक पोरगा होता, गोड बोलायचा. त्याला म्हटलं, ठोक्यांवर जाऊ नको, शेरा वाच. हो काका, हो काका म्हणाला."

कोण असेल तो? तेव्हा ऑफिसात पंधरा-वीस जण होते, अर्धे परदेशी गेले. त्याने मला एका शब्दाने सांगितलं असतं तर. पण हा विचार बरा नाही. दुसऱ्याच्या खांद्यावर आपलं ओझं ठेवायला माणूस किती पटकन जागा शोधतो. रकाना मी गाळला.

६ मार्च, बुधवार

काकांचं बोलणं साहेबांना सांगितलं. फोनचंही सांगितलं. "कोण असेल हो तो, साहेब? तुम्हाला आठवतंय का?"

साहेब खिडकीकडे गेले. "काका आणखी काय म्हणाले?"

"तेवढंच."

"नाव नाही सांगितलं?"

"त्यांना आठवत नाही. म्हणे गोड बोलायचा."

साहेब चहा तसाच ठेवून बाहेर गेले ते तासाभराने आले. त्यांनाही आठवलं नसावं. वय झालं की आधी नावं जातात, असं आई म्हणते.

१४ मार्च, गुरुवार

आठवडाभर नुसती आकडेमोड. शेवटी तिथेच येते. टोक वाळूत असेल तर एका वादळी हंगामात पाइल खचण्याची शक्यता पाच हजारात एक. मातीत असेल तर ऐंशीत एक. आणि वाळूत आहे की मातीत? तीन बोअर, चार पाइलचे ठोके, एक्कावन्न तास, सगळं तराजूत घालून तराजू मधोमध उभा. निम्मं-निम्मं. म्हणजे सगळा हिशेब मिळून साधारण एकशे साठात एक.

माणसं राहतात अशा प्लॅटफॉर्मला हजारात एकच्या वर चालत नाही. हा त्यांच्याच कंपनीचा नियम.

पण हे 'निम्मं' कुठून आलं? मी एक माणूस, पाठदुखी असलेली, अपराधी वाटत असलेली. मला चूक टोचते आहे म्हणून मी शिक्षेदाखल वाळू कमी धरत नाही ना? उलटही तपासलं. सत्तर-तीस धरलं तरी आकडा नियमात बसत नाही. नव्वद-दहा धरलं तरी बसत नाही. एवढ्यावर तरी झोप लागायला हवी.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे. रात्रीच्या जेवणाला म्हणाला, "माझ्याकडे गिऱ्हाईक म्हणतं, हेही तसंच दिसतंय आणि तेही तसंच. म्हणून मी काय त्याला चष्मा न देता घरी पाठवतो?"

"तुझं गिऱ्हाईक चष्मा चुकला तर परत येतं. माझं बुडतं."

आई म्हणाली, "जेवताना तरी बुडवू नका कुणाला."

२० मार्च, बुधवार

कंपनीच्या काचेच्या खोलीत बैठक. तातडीवाले, त्यांचे दोन वरिष्ठ, साहेब आणि मी. पहिल्याच पानावर आकडा ठेवला. एकच, हवा होता तसा.

तातडीवाले म्हणाले, "एकशे साठात एक. म्हणजे एकशे एकोणसाठ वेळा काही होत नाही! मग अडचण काय आहे?"

दोन महिने हा माणूस आकडा मागत होता. मिळाल्यावर त्याने तो उलटा धरला.

त्यांचे एक वरिष्ठ म्हणाले, "पण जुन्या अहवालात तर वाळू आहे असं स्पष्ट लिहिलंय. एकवीस वर्षांनी वाळू कुठे गेली?"

"वाळू गेली नाही. ती आहे असं आपण चुकीच्या कारणाने मानलं होतं. ठोक्यांच्या वहीत शेऱ्यांचा रकाना होता. तो तक्त्यात उतरवला गेला नाही. तो तक्ता मी केला होता."

साहेबांना खोकल्याची मोठी उबळ आली, पाणी द्यावं लागलं.

"म्हणजे चूक तुमची आणि भुर्दंड आमचा," तातडीवाले म्हणाले.

"होय."

एवढ्या सरळ उत्तराची त्यांना सवय नसावी. त्यांची गाडी तिथे जरा अडखळली. मग मुद्द्यावर आले: उपाय काय? प्लॅटफॉर्मच्या पायाशेजारीच नवा बोअर. पण बोअर घेणारं जहाज सप्टेंबरच्या आधी मोकळं नाही आणि वादळं जूनपासून. मग मधल्या चार महिन्यांत? मी म्हटलं, "प्लॅटफॉर्म चालवा. पण वस्तीला कुणी नको. हवा चांगली असेल त्या दिवशी माणसं जातील आणि संध्याकाळी परत येतील."

दीड तास वाद झाला. शेवटी निर्णय साहेबांनी ओढून आणला, म्हणजे चक्क टेबलावर हात आपटून. "बासष्ट माणसांना निम्म्या-निम्म्यावर झोपवायचं असेल तर तसं लेखी द्या, आणि खाली सही तुमची!"

एकवीस वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. जाताना गाडीत मी म्हटलं, "साहेब, थँक्यू." तर म्हणाले, "मला कशाला?" आणि रेडिओ लावला.

३ एप्रिल, बुधवार

कंपनीने ठरवलं की प्लॅटफॉर्मवरच्या माणसांना ज्याने-त्याने आपापलं सांगावं, म्हणजे पाइलचं मी. किनाऱ्यावरच्या कॅन्टीनच्या हॉलमध्ये चाळीसेक जण. अर्ध्यांच्या तोंडावर राग, कारण आता रोज चार तास जाण्यायेण्यात जाणार, आणि उरलेल्या अर्ध्यांच्या तोंडावर झोप.

क्रेन चालवणारा उभा राहिला, आडदांड माणूस. "मॅडम, अकरा वर्षं मी तिथे झोपतोय. एवढी वादळं खाल्ली. पठ्ठ्या हलला नाही. आणि तुम्ही कागदावर हलवला?"

"अकरा वर्षांत पाइलला जड जाईल असं वादळ आलेलंच नाही. नोंदी बघितल्यात मी."

"म्हणजे आम्ही भाग्यवान."

"होय."

मागून कुणीतरी म्हणालं, "तुझं लग्न झाल्यावरही असंच म्हणाला होतास सगळ्यांना." हॉल हसला. क्रेनवालाही.

मग आचारी बोलला. त्याची बायको तिथेच समोरच्या बाकावर बसली होती, लहान मुलगी मांडीवर. "आमचा एक प्रश्न. तुम्ही स्वतः झोपाल का तिथे?"

तयारी केलेली सगळी उत्तरं डोक्यातून गेली. मी म्हटलं, "एक रात्र झोपेन. आजची. वादळाच्या हंगामात चार महिने नाही झोपणार. आणि माझ्या घरच्या माणसाला झोपू देणार नाही."

आचाऱ्याच्या बायकोने नवऱ्याकडे बघितलं. पुढे कुणी काही विचारलं नाही.

घरी आल्यावर वाटलं, शेवटचं वाक्य बरोबर होतं का? घरच्या माणसाचं नाव घेतलं की समोरच्याचं तोंड बंद होतं. तो युक्तिवाद नव्हता, दबाव होता. पण खरं होतं. पण दबाव होता.

११ जून, मंगळवार

आईचं ऑपरेशन नीट झालं. वॉकर घेऊन दारापर्यंत चालली आणि नर्सला म्हणाली, "उद्यापासून धावायला ठेवा मला." डॉक्टर भेटले, म्हणाले, "बघा, झालं ना व्यवस्थित." झालं, पण त्याने त्यांचा शंभरात तीन बरोबर होता असं थोडंच ठरतं? हे मी त्यांना म्हटलंही. नवऱ्याने मला दंडाला धरून बाहेर नेलं.

९ जुलै, मंगळवार

शनिवारी मोठं वादळ येऊन गेलं. वस्ती रिकामी होती. कंपनीच्या माणसांनी प्लॅटफॉर्म आज सकाळी पाहिला, जागचा हललेला नाही, सरळ उभा आहे.

तातडीवाल्यांचं पत्र. या वेळी 'तातडीचे' नाही, फक्त फोटो आणि खाली: 'आपल्या माहितीसाठी.'

ऑफिसातही तेच. जो तो येऊन म्हणतो, "उभा आहे ना हो तुमचा." जणू मी तो पडावा म्हणून बसले होते. मी प्रत्येकाला समजावलं की हे वादळ मध्यम होतं, लाटा अपेक्षेच्या सत्तर टक्केसुद्धा नव्हत्या, यात टिकणं हा पुरावा अगदी किरकोळ. पुरावा नाहीच असं नाही. मी आकडा पुन्हा काढला. एकशे साठाचा एकशे सत्तर झाला. हेही प्रत्येकाला सांगितलं. आता मी दिसले की लोक पाणी प्यायला जातात.

१ ऑक्टोबर, मंगळवार

जहाजावरून दुपारी फोन आला. पायाशेजारचा बोअर पूर्ण झाला.

अडुसष्ट मीटर चाळीस सेंटिमीटरवर वाळू. घट्ट. सगळ्या पाइलची टोकं तिच्यात अडीच मीटरहून जास्त रुतलेली. एक्कावन्न तास थांबल्याने ठोके वाढले हेही खरं, आणि खाली वाळू होती हेही खरं. काकांनी सांगितलं होतं तसंच, दोन्ही.

तातडीवाल्यांनी स्पीकरवर अभिनंदन केलं. माझं! "म्हणजे मॅडम, एकवीस वर्षांपूर्वी तुम्हीच बरोबर होता!"

"नाही, तेव्हा मी चुकले होते."

"पण वाळू आहे."

"आहे. पण तेव्हा ते मला माहीत नव्हतं."

"असं कसं? तुम्ही म्हणालात आहे, आणि आहे."

पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं? सहा महिन्यांपूर्वी बरोबर होते तेव्हा माझ्या चुकीचा भुर्दंड, आणि आज माझ्या चुकीबद्दल टाळ्या. साहेब टेबलाच्या पलीकडे डोळे मिटून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा एवढा भाव मी आधी पाहिला नव्हता. निवृत्तीच्या तोंडावर फाइल बंद होतेय, दुसरं काय.

२ ऑक्टोबर, बुधवार

काल एक लिहिलं नाही. आज लिहिते, नाहीतर ही वही ठेवण्यात अर्थ नाही.

फोनवर 'वाळू' हा शब्द ऐकला तेव्हा पहिल्या क्षणाला मला वाईट वाटलं.

बासष्ट माणसांची झोपायची जागा पक्की निघाली आणि मला वाईट वाटलं. एक क्षण, पण वाटलं. खाली माती असती तर माझं खरं झालं असतं, कॅन्टीनच्या हॉलमधलं, काचेच्या खोलीतलं, सगळं. त्या एका क्षणात मी माती मागितली. आचाऱ्याची बायको समोर असती तर तिने माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं असतं.

जवळच्यांनाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला सांगणार होते, पण तो म्हणेल माणूस आहेस तू. ते उत्तर मला नको आहे. वेगळं कुठलं हवं आहे तेही माहीत नाही.

एवढं मात्र अजून पटतं की पुन्हा मार्च आला, पुन्हा तेवढीच माहिती हातात असली, तर पुन्हा तेच सांगेन. वाळू असली तरी.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

अंतिम अहवाल. नवा आकडा पाच हजारात एक, दहा वर्षं वस्तीला परवानगी. माणसं सोमवारपासून परत राहायला जाणार.

नवव्या पानावर मी एक परिच्छेद घातला होता: जुन्या अहवालाचा निष्कर्ष बरोबर असला तरी कारण चुकीचं होतं, शेऱ्यांचा रकाना तक्ता करताना माझ्याकडून गाळला गेला. तातडीवाल्यांनी तो लाल शाईने खोडून पाठवला. बाजूला लिहिलं होतं, 'आता कशाला? वाळू सापडली ना.'

खरं सांगायचं तर दहा मिनिटं मलाही वाटलं, कशाला? कुणाचं नुकसान झालं नाही. झालेल्या जखमेवर पट्टी बांधायची, न झालेल्यावर काय बांधायचं? मग वाटलं, पुढची मुलगी असाच एखादा रकाना गाळेल आणि तिला कुणी सांगितलेलं नसेल. परिच्छेद परत घातला आणि भांडायच्या तयारीने साहेबांकडे घेऊन गेले.

भांडण झालंच नाही. त्यांनी पूर्ण वाचला, दोनदा. "राहू दे," म्हणाले. "मी बोलतो त्यांच्याशी." मग प्रत ठेवून घेतली.

संध्याकाळी ती सहीसाठी माझ्याकडे आली. शेवटच्या पानावर जिथे सगळ्यांच्या सह्या असतात तिथे साहेबांची सही होतीच. पण नवव्या पानावरही होती. त्या परिच्छेदाखाली, माझ्या नावाच्या शेजारी, पूर्ण नावाने. मधल्या पानावर कुणी सही करतं का? आधी वाटलं, वाळू सापडल्यावर सगळ्यांनाच श्रेयात वाटा हवा असतो. पण त्या परिच्छेदात वाटून घेण्यासारखं आहे तरी काय? तिथे फक्त माझी चूक आहे. मोठ्या मनाने तिच्यातला अर्धा हिस्सा उचलायचा असेल तर तेही मला नको. माझं मला पुरे आहे.

विचारायला गेले तर ते कपाट आवरत होते. "सहज केली," म्हणाले. "तिथे जागा होती."

जागा नव्हती. दोन ओळी वर सरकवून, पट्टी धरून, त्यांनी तिथे आधी एक रेघ आखून घेतली होती.